मागच्या चौघींपैकी एक

खोक्यातल्या रेकॉर्डी ती शिवणकामाच्या सवयीने चाळत होती. दोन बोटांनी कड पुढे ओढायची, नजर टाकायची, सोडून द्यायची. कापड पाहावं तशी. शेजारच्या खोक्यापाशी एरवी वहिनी असायची आणि तिची टकळी चालू असायची. आज दुकानात नुसता पंख्याचा आवाज होता.

शनिवारची ही फेरी दोघींची. आधी लाँड्रीखालच्या तळघरातलं दुकान, मग सायकलवाल्याशेजारचं, शेवटी जिना चढून हे. शोधायची रेकॉर्ड एकच, कव्हरवर निळी होडी असलेली. लग्नाआधी आई तिच्यात गायली होती. मुख्य गाणारीच्या मागे साथ देणाऱ्या चार मुलींपैकी एक, त्यामुळे कव्हरवर ना नाव, ना फोटो. पण आई गेल्यावर तिचा आवाज उरला असेल तर तेवढाच.

म्हातारे दुकानदार दर वेळी हात झटकून म्हणायचे, "आज नाही बुवा. पुढच्या शनिवारी नक्की."

"तुमचा शनिवार कॅलेंडरात छापतच नाहीत," वहिनी म्हणायची, आणि तिघंही हसायची.

आज दुकानदार डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते आणि गल्ल्यावर त्यांची मुलगी होती.

"शनिवारच्या त्या दोघींपैकी ना तुम्ही?" मुलीने विचारलं.

"हो. दुसरीचा गुडघा आज संपावर आहे."

"मग तुमची ठेवलेली रेकॉर्ड घेऊन जाता का? मी कपाट आवरतेय. बाबा म्हणाले, ती त्या बाईंचीच आहे, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

मुलीने ती काउंटरवर ठेवली. निळी होडी. कोपरा जरासा दुमडलेला.

तिने आधी हात पुसले. मग विचारलं, "कधीपासून आहे इथे?"

"मी यायला लागले तेव्हापासून बघतेय. तुमची मैत्रीण मंगळवारी येते, तिथे कोपऱ्यात बसून ऐकते आणि परत ठेवायला देते." मुलगी थबकली. "तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे की," ती म्हणाली. "वहिनी आहे ती माझी."

जिना उतरताना तिने कठडा धरला. पुढच्या शनिवारी नक्की. तिघं हसायची खरी, पण बाकी दोघांचं आधीच ठरलेलं होतं; काही माहीत नसताना हसणारी ती एकटीच होती.

वहिनी पाय स्टुलावर ठेवून बसली होती, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी.

"आलात ताई? लागलं का काही हाताला?"

तिने पिशवीतून रेकॉर्ड काढून टीपॉयवर ठेवली. वहिनीने होडीकडे पाहिलं.

"ती मुलगी भोळी आहे," वहिनी म्हणाली.

"भोळी मी, वहिनी. मुलगी सरळ आहे."

वहिनीने गुडघ्यावरची पिशवी उगाच सरळ केली. "हे गेल्यावर तुम्ही भावाच्या या घरात पाऊल तरी टाकलंत का? ही शोधायचं ठरलं आणि यायला लागलात. सापडली असती म्हणजे संपलंच की."

"'या' म्हणून सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुमच्याकडे लग्नाचे ब्लाउज होते शिवायला."

"शनिवारचं समजलं. मंगळवार कशासाठी?"

"आठवण यायची."

"माझ्या आईची."

"हो," वहिनी म्हणाली. "तुमच्याच आईची."

रेकॉर्ड काखेत मारून तरातरा निघून जावं, असं तिला फार वाटलं. पण वाजवायचं मशीन होतं याच घरात. आपल्या घरी नेऊन ती काय भिंतीला ताटासारखी टेकवून ठेवणार होती? तिने झाकण उघडलं, सुईवरची धूळ फुंकली, रेकॉर्ड लावली आणि मशीनकडे तोंड करून खुर्चीत बसली. चपला काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

आधी खरखर. मग मुख्य बाईंचा गोड, ठसठशीत आवाज. आणि मग मागून चौघी.

ती पुढे झुकली. पहिल्याच सुरात आई ओळखू येणार, याबद्दल तिला कधी शंकाच आली नव्हती. पण चार कोवळे आवाज एकाच रिळातल्या दोऱ्यासारखे निघत होते. तिच्या कानात होती ती फोनवरची आई. खोकणारी, जेवलीस का विचारणारी. ती यांच्यात कुठेच नव्हती. लग्न होऊन ती स्वतः दूर गेली, त्यानंतर आईने या घरात कणीक मळताना काय गुणगुणलं, कुठल्या सुरात, ते ऐकायला होती वहिनी.

तिने मान वळवली. वहिनीचे डोळे मिटलेले होते. खुर्चीच्या हातावर तिचं एक बोट हलकेच उचललं गेलं. क्षणभराने चौघींतला एक आवाज किंचित खाली उतरला आणि बोट त्याच्याबरोबर टेकलं.

गाणी संपली. सुई उचलून ती तशीच उभी राहिली.

"दुसरी बाजू लावायची?" वहिनीने विचारलं.

"नको. हीच परत."

वहिनी गुडघा धरून उठायला लागली.

"बस तू," ती म्हणाली. तिने सुई पुन्हा रेकॉर्डच्या कडेवर ठेवली, खुर्ची मशीनकडून वहिनीकडे फिरवली, आणि खरखर चालू असतानाच त्या बोटावर नजर लावून बसली.