बेचाळीस सेकंद

“ही बासरी कुठून आली?”

मोठ्या सिस्टरांनी हे विचारलं तेव्हा प्रशिक्षण विभागाच्या साहेबांना वाटलं, बाईंना आवडली. ते खुशीत हसले आणि टॅबलेट त्यांनी टेबलावरून आणखी थोडा पुढे सरकवला. पडद्यावर सातवी स्लाइड होती. तीत तीन दिवसांचं एक बाळ श्वास घेत होतं. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या, आणि मागे कोणीतरी संथ, गोड, ऐकून डुलकी लागावी अशी बासरी वाजवत होतं.

“छान वाटतंय ना आता? आधी फारच कोरडं होतं हो,” साहेब म्हणाले. “आणि तुमच्या क्लिपमध्ये सारखी कुरकुर येत होती. मशीनची असणार. ती काढून टाकली.”

“मशीनची नव्हती ती.”

“मग कशाची?”

“बाळाची.”

साहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. “असं होय? असू दे, दिसतंय की सगळं.”

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवजात बाळांच्या वॉर्डात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. पाठीमागे सगळे त्यांना ‘तोफ’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं, किंबहुना थोडं आवडतही होतं. पण तोफ धडाडत असे ती रोजच्या किरकोळ गोष्टींवर. न धुतलेले हात, वेळेवर न भरलेले तक्ते, असल्यांवर. खरा राग आला की त्या हळू बोलत, आणि तो आवाज एकदा ऐकलेली माणसं वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी काम शोधायला निघून जात. साहेब तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना!

“मी त्या स्लाइडवर तीन शब्द लिहिले होते,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “‘बघू नका. ऐका.’ ते कुठे गेले?”

ते गेले होते. त्यांच्या जागी फुलांची महिरप होती आणि मथळा होता : ‘नवजात बाळाचे पहिले श्वास’.

खरं तर त्या आवाजासाठीच सगळा खटाटोप होता. बाळाची फुप्फुसं दमली की ते श्वास सोडताना घसा आवळून धरतं. आत थोडी तरी हवा उरावी म्हणून. त्यातून एक आखूड, दबका आवाज निघतो. अंह्. अंह्. दर श्वासाला एक. हे कण्हणं फार फसवं. रडणाऱ्या बाळाकडे सगळं घर धावतं, पण हा आवाज ऐकून लोकांना कौतुक वाटतं. बाळ बोलायला लागलं, म्हणतात. ज्याला तो ओळखता येतो त्याच्या हातात काही तास असतात, आणि ज्याला ओळखता येत नाही तो आईला घरी पाठवून देतो.

या बाळाच्या आईलाही असंच घरी पाठवलं होतं. जेमतेम विशीतली मुलगी, शिवणाच्या कारखान्यात काजं करणारी. घराजवळच्या छोट्या दवाखान्यात तिने बाळ नेलं, तर तिथली ड्यूटीवरची सिस्टर हसून म्हणाली, “अगं, गाणं म्हणतंय ते झोपेत. जा, घरी घेऊन जा.” दुसऱ्या दिवशी तेच. मोठ्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा बाळाचे ओठ निळे पडले होते. एक सिस्टर ऑक्सिजन लावत होती, दुसरी शीर शोधत होती, आणि डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये अडकलेले. त्यांना दाखवायला म्हणून वॉर्डाच्या टॅबलेटवर कोणीतरी बेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला आणि जिना चढत पळालं.

डॉक्टर धावत आले. सगळं झालं, जे जे करता येतं ते सगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं.

आठवड्याने ती मुलगी कागद न्यायला आली तेव्हा सिस्टरांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि धीर करून विचारलं, की ही क्लिप नव्या सिस्टरांना शिकवायला वापरली तर चालेल का. तिने हातातले कागद घडी करून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, “आवाज आहे त्यात?”

“आहे.”

“मग दाखवा. सगळ्यांना ऐकवा. मी तीनदा सांगितलं होतं त्यांना, आवाज येतोय म्हणून. तीनदा!” तिने परवानगीच्या कागदावर सही केली आणि विचारलं, “मला ऐकवता?”

टॅबलेट मांडीवर घेऊन ती बेचाळीस सेकंद ऐकत बसली. बाळ कधी मोठ्याने रडलंच नव्हतं, तेवढी ताकदच नव्हती त्याच्यात. त्याचा आवाज म्हणजे एवढाच. जाताना दारातून ती मागे वळली. “कधी वाटलं तर पुन्हा ऐकायला येऊ का, सिस्टर?”

“कधीही ये,” सिस्टर म्हणाल्या होत्या.

मग एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर त्या आणि त्यांचे निवृत्त टंकलेखक नवरोजी वॉर्डाचा टॅबलेट घेऊन बसले. जन्मात कधी स्लाइड केली नव्हती दोघांनी.

“अहो, अधिकचं चिन्ह दाबलं. आता?”

“आता काय करतेस? ‘फोटो किंवा व्हिडिओ’ म्हणतंय बघ. दाब.”

“दाबलं. अगोबाई! मथळ्यावरच येऊन बसलं की हे.”

“दोन बोटांनी चिमटीत धर आणि लहान कर. अगं, एवढं नाही! मुंगी झाली त्याची.”

तासभर असा गोंधळ चालला. क्लिप एकदा आडवी झाली, एकदा नाहीशीच झाली आणि तिसऱ्या स्लाइडवर सापडली. पुढे विचारणा आली की व्हिडिओ आपोआप सुरू करायचा की बोट लावल्यावर. सिस्टरांनी ‘बोट लावल्यावर’ निवडलं. आधी सगळ्यांना गप्प करायचं आणि मगच ऐकवायचं, असं त्यांच्या मनात होतं. आवाजाची पट्टी त्यांनी शेवटपर्यंत नेली आणि बोट लावलं.

नवरोजी कान देऊन ऐकत होते. चेहऱ्यावर हसू आलं त्यांच्या. “झोपेत हसतंय का गं?”

“मरतंय,” सिस्टर म्हणाल्या.

ते उठले आणि चहाचे कप विसळायला गेले.  सिस्टरांना मात्र तेव्हाच कळलं, की आपली स्लाइड बरोबर झाली आहे.

आणि आता ही बासरी.

“मूळ क्लिप टाका परत,” सिस्टर साहेबांना म्हणाल्या. “अकराला कार्यक्रम आहे. तासभर आहे अजून.”

“अहो मॅडम, मूळ आता कुठली? तुमच्या फाइलवरच सेव्ह केलं मी सगळं. फाइल वरून मंजूर होऊन आली. आता स्वल्पविरामही हलवता येत नाही त्यात.”

“वॉर्डाच्या टॅबलेटवर असेल.”

“ते सगळे काल जमा करून पुसून घेतले. नव्याने वाटायचे आहेत ना! नियमच आहे तसा.” साहेबांचा सूर अजून समजुतीचाच होता. “तुमच्या फोनवर नाही का घेऊन ठेवली?”

नव्हती. ‘कोणाच्याही फोनमध्ये बाळाचा फोटो दिसला तर घरी पाठवीन’ हा वॉर्डाच्या भिंतीवरचा फलक सिस्टरांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला होता. जगाला नियम सांगणाऱ्या बाईने स्वतः तो मोडला नव्हता. मोडायला हवा होता, असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आणि त्या विचाराने त्या स्वतःवरच इतक्या चिडल्या, की खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या राहिल्या.

“तुम्ही काय पुसलंत, कळतंय का तुम्हाला?”

“मॅडम, रागावू नका. दोनशे जणी येणार आहेत. छोट्या छोट्या दवाखान्यांतून, लांबून लांबून. त्यांना असलं भेसूर ऐकवायचं का? जरा प्रसन्न नको?”

“त्या दवाखान्यातल्या सिस्टरलासुद्धा प्रसन्नच वाटलं होतं,” सिस्टर म्हणाल्या आणि निघाल्या.

अकरा वाजता सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मोठे डॉक्टर, त्यांच्याशेजारी साहेब, मागे दोनशे सिस्टर. काही पेंगत होत्या, काही एकमेकींच्या बदल्यांची चौकशी करत होत्या. मोठ्या सिस्टरांच्या वाट्याला दहा मिनिटं होती. सहा स्लाइड त्यांनी चार मिनिटांत उरकल्या. सातवी आली. बोट न लावताच पडद्यावर भिंतभर मोठं झालेलं ते बाळ श्वास घेऊ लागलं आणि बासरी सुरू झाली.

“किती गोड!” पुढच्या बाकांवरून कोणीतरी कुजबुजलं.

“बंद करा ते,” सिस्टर म्हणाल्या.

साहेबांनी खालून हाताने खूण केली, चालू द्या म्हणून. सिस्टरांनी स्वतः जाऊन टॅबलेट बंद केला. पडदा काळा झाला.

“हे बाळ गोड होतं,” त्या माइकवर म्हणाल्या. “पण आत्ता तुम्ही पाहिलंत तेव्हा ते मरत होतं. दुसऱ्या दिवशी गेलं. ते एक आवाज करत होतं. तो आवाज त्याच्या आईला ऐकू आला. तुमच्यातल्या एकीला तो गाणं वाटला. कोण ते मी विचारत नाही. आमच्या एका साहेबांना तो मशीनची कुरकुर वाटला. त्यांनी तो पुसून टाकला. त्या मुलीला मी शब्द दिला होता, की तो तुम्हाला ऐकवीन. क्लिप गेली. आता तो फक्त माझ्या कानात आहे.”

सभागृहात पाय सरकल्याचे आवाज झाले. साहेब अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

मोठ्या सिस्टरांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, तोंड माइकजवळ नेलं आणि घसा आवळून श्वास सोडला.

“अंह्.”

डावीकडे कोणीतरी फिस्कन हसलं. अठ्ठावन्न वर्षांची, केसांचा कापूस झालेली, कडक इस्त्रीच्या गणवेशातली बाई आणि असला आवाज! सिस्टरांनी तिकडे पाहिलं नाही. अंह्. अंह्. सेकंदाला एक, कधी त्याहून जास्त. मान मागे जात होती, गळ्याच्या शिरा फुगत होत्या. वीस सेकंदांनी त्यांना दम लागला. तिसाव्या सेकंदाला डोळ्यांत पाणी आलं, पण त्या थांबल्या नाहीत. हसणारी केव्हाच गप्प झाली होती. बेचाळीस सेकंद पुरे झाले तेव्हा त्या टेबलाला धरून उभ्या होत्या.

“एवढंसं बाळ दोन दिवस हे करत होतं,” धाप ओसरल्यावर त्या म्हणाल्या. “आता तुम्ही करा. उठा सगळ्या.”

कोणी उठेना. मग चौथ्या रांगेतली एक उठली, मग तिच्याशेजारची, आणि बाकं वाजवत सगळं सभागृह उभं राहिलं. लाजत, एकमेकींकडे बघत त्यांनी सुरुवात केली.

“चूक! श्वास घेताना नाही, सोडताना.” आता तोफ धडाडली. “आवाज काढायचा नाहीये, हवा धरून ठेवायचीय. पुन्हा!”

त्या माइक ठेवून पायऱ्या उतरल्या आणि एकेकीच्या तोंडाशी कान नेत रांगेतून चालू लागल्या. हिची मान धरून सरळ कर, तिच्या छातीवर हात ठेवून थांब, पुन्हा कर, असं चाललं होतं. मध्येच एकीला नीट जमलं. सिस्टर तिच्यापाशी क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. तोच होता का तो? तोच असावा. की आता जो कानावर पडेल तोच त्यांना तो वाटणार होता? त्या पुढे सरकल्या.

मोठे डॉक्टर उठून त्यांच्यापर्यंत आले. “सिस्टर,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “वेळ केव्हाच संपलाय. पुढचे वक्ते थांबलेत.”

“मागच्या चार रांगा राहिल्यात,” सिस्टर म्हणाल्या आणि मागे गेल्या.