बुद्धाच्या दारातले बूट

दुपारी सव्वातीनच्या सुमारास तोकुजो घरातून निघून गेला. त्याची बायको हिसाए गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्या उचलत होती. आत आली तर दार सताड उघडं आणि उंबऱ्याशी ठेवलेले काळे बूट गायब.

बूट नाहीत म्हटल्यावर तिच्या जिवात जीव आला. ठावठिकाणा कळवणारं यंत्र त्या बुटातच होतं. टोपी तो कुठेही विसरे, जाकीट कुणालाही देऊन टाके. पण बुटांशिवाय बाहेर पडणारा हा माणूस नव्हे, असं तिनंच मुलीला ठासून सांगितलं होतं. फोनवरच्या नकाशात ठिपका महाबुद्धाच्या देवळात थांबला होता.

"हलत नाहीये, माकी. बसलेत निवांत," तिनं बसस्टॉपवरून मुलीला कळवलं.

"मग तूही निवांत जा, आई. एकाला शोधताना दुसरी नको हरवायला."

तोकुजोनं जन्मभर सहलींच्या बस चालवल्या. या देवळाशी किती माणसं उतरवली असतील. स्वतः मात्र गाडी राखत बाहेरच सिगारेट ओढत बसला. मूर्ती पोकळ आहे, पोटात शिरता येतं, हे त्याला प्रवाशांनीच सांगितलेलं. "एकदा आत जाऊन बघायचंय," तो म्हणे. "निवृत्त झालात की जाऊ," हिसाए म्हणे. निवृत्ती आली. आज-उद्या करता करता आज कुठला नि उद्या कुठला, हेच त्याला उमजेनासं झालं.

ती पोचली तेव्हा देवळात फारसं कुणी उरलं नव्हतं. उघड्या आभाळाखाली बुद्ध अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बसला होता. तिनं घाईघाईनं हात जोडले आणि मूर्तीच्या बाजूचं लहान दार गाठलं.

दाराशी काळे बूट होते. जोडीनं, टोकं बाहेरच्या बाजूला. निघताना पाय सरळ आत सरकावेत, असे.

"अहो!" तिनं आत वाकून हाक मारली. पोकळ धातूत हाक घुमली. आत कुणी नव्हतं.

फाटकावरचा रखवालदार सावादा धावत आला. "तुमचे का ते आजोबा? बुद्धाच्या पोटात जाताना कुणी बूट काढतं का हो, आजी?"

"दुसऱ्याच्या घरात शिरताना काढतोच माणूस. बाहेर कधी पडले?"

"शाळेची सहल होती. त्या घोळक्यातच गेले असतील. पायांकडे कोण बघतंय?"

फोनवरचा ठिपका तिथेच होता, तिच्या पायाशी. तिनं बुटात हात घातला. आतून ते गार पडले होते. तिथूनच तिनं पोलीस चौकीला फोन लावला.

फाटक बंद झालं. सहलीच्या बस उभ्या राहत तिथल्या बाकावर ती बसली आणि बूट पुढ्यात नीट मांडले. समुद्राकडून बोचरं वारं सुटलं होतं. नगरपालिकेच्या खांबावरच्या भोंग्यातून रोजची संध्याकाळची धून वाजली, आणि मागोमाग एका बाईचा शांत आवाज आला.

"एक वृद्ध गृहस्थ बेपत्ता आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. राखाडी जाकीट, निळी टोपी. पायात फक्त मोजे."