काळ्या फोर्डचा वाटा

महादेवरावांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही. शेजारी विरजण मागायलासुद्धा त्यांनी सुभद्राबाईंना कधी जाऊ दिलं नाही. घरात विरजण नसेल तर त्या दिवशी कढी नाही, विषय संपला. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायची नोकरी आणि नागपूरच्या महाल भागात दोन भावांचं एकत्र घर, एवढा त्यांचा पसारा. अशा माणसाला शौक जडला, तोही असा की ज्यातली एक वस्तू उभ्या नागपुरात मिळत नव्हती.

शौक होता मोटारींची मॉडेलं जोडायचा. खोक्यात प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले सुटे भाग यायचे, दारं, बंपर, स्टिअरिंग, इंजिनाचा एकेक तुकडा. ते ब्लेडनं सोडवायचे, कानशीनं घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की शेवटी वीतभर लांबीची हुबेहूब मोटार तयार. ताराचंद नावाचा त्यांचा शाळासोबती मालवाहू जहाजावर फिटर होता. सुट्टीवर आला की तो एखादा खोका घेऊन यायचा, न मागता. न मागता, म्हणूनच तो महादेवरावांना चालायचा.

सोबत आलेली डिंकाची नळी मे महिन्यात दगड व्हायची. मग महादेवराव उरलेल्या काड्या थिनरमध्ये विरघळवून घरीच डिंक तयार करत. रंग देतेवेळी खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला सक्त बंदी असे, कारण ओल्या हवेत रंगावर पांढरी साय धरते. घरातली माणसं घामानं निथळायची आणि मोटार तेवढी चकचकीत निघायची. त्यांचा आणखी एक नियम होता. खोका आला की आधी त्यातले टायर काढून कागदाच्या पुडीत वेगळे ठेवायचे. ते मऊ टायर प्लास्टिकला टेकून राहिले की उन्हाळ्यात त्याला खातात. गोल चट्टा पडतो, आणि तो आतवर गेलेला असतो.

हा नियम त्यांनी एकाच खोक्याच्या बाबतीत पाळला नाही, आणि तो खोका काळ्या फोर्डचा होता.

त्यांचे वडील, दादाजी, सावनेरच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींची मोटार चालवत. १९३० ची काळी फोर्ड. गाडी धुवायला तळ्यावर न्यायची असली की दादाजी दोन्ही पोरांना दोन बाजूंच्या पायदानांवर उभं करत आणि बैलगाडीच्या वेगानं तळ्यापर्यंत नेत. डाव्या बाजूला महादेव, उजव्या बाजूला धाकटा चंद्रभान. त्यांच्या बालपणात श्रीमंती म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती. ताराचंदनं आणलेल्या खोक्याच्या झाकणावर अगदी तीच गाडी छापलेली होती. महादेवरावांनी ती पाहिली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पण त्याच हिवाळ्यात आई, तुळसाबाई, गेली होती. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात नवं काम काढायचं नाही, आणि खोक्यावरचा पारदर्शक कागद फाडला म्हणजे काम काढलंच, असं महादेवरावांचं मत. खोका तसाच बंद राहिला, टायरसकट.

वर्ष भरायच्या आधी वाटणी निघाली. भांडण काही नव्हतं. घर लहान पडत होतं आणि एस.टी.च्या डेपोत कारकून असलेल्या चंद्रभाननं मानेवाड्याकडे टिनाचं छप्पर टाकून दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. कुही गावाहून नानाजीमामा पंच म्हणून आले. घरची रीत जुनी होती: मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. तुळसाबाई हीच रीत पेरूंनाही लावत. महादेव दोन ढीग करायचा, चंद्रभान पुढे होऊन दिसायला मोठा ढीग उचलायचा, आणि लहान ढिगात पाल्याखाली दडवलेला सगळ्यात पिकला पेरू महादेवला मिळायचा. धाकटा भोळाच आहे, असं महादेवरावांना तेव्हापासून वाटत आलं होतं.

शेत, भांडी, आईचे चार दागिने, सगळं सुरळीत पार पडलं. मग महादेवराव म्हणाले की माझ्या गाड्याही वाटणीत धरा. चंद्रभानची बायको गोपिका एकदा विहिरीवर कोणाला तरी म्हणाली होती की या घराची कमाई खेळण्यांत जाते. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि काट्यासारखं रुतून बसलं होतं. नानाजीमामांनी समजावलं, खेळण्यांची कसली वाटणी. पण महादेवराव हट्टाला पेटले. कोणाचं काही आपल्याकडे राहिलं असं पुढे कोणी म्हणायला नको, हा एकच धोशा त्यांनी लावला.

त्यांनी सतरंजीवर दोन वाटे मांडले. एका बाजूला सगळ्या तयार गाड्या, पुसून ओळीनं लावलेल्या, उन्हात डोळे दिपवणाऱ्या. दुसऱ्या बाजूला भंगार: चाक हरवलेली एक व्हॅन, वाळलेले रंगाचे डबे, उरलेल्या काड्या, रिकामी खोकी, आणि त्या सगळ्याखाली, पालथा घातलेला, फोर्डचा खोका. तयार गाड्या गेल्या तर जावोत. जोडण्यातली मजा आपण भोगून झाली आहे, असं त्यांनी मनाला समजावलं होतं. फोर्ड तेवढी राहायला हवी होती.

चंद्रभान उकिडवा बसला. दोन्ही वाट्यांकडे त्यानं सावकाश पाहिलं आणि भंगारावर हात ठेवला.

"नीट पाह्य गा," महादेवराव म्हणाले. "तयार गाड्या इकडे आहेत."

"पाह्यलं. त्याईत तुही मेहनत आहे, दादा. मले हाच वाटा पुरे."

नानाजीमामांनी रीतीप्रमाणे दोघांना विचारलं, मान्य? महादेवरावांची नजर पालथ्या खोक्यावर गेली. आता तोंड उघडावं तर भावाला फसवायला निघालो होतो, हे पंचांसमोर कबूल करणं आलं. ते म्हणाले, मान्य.

त्यानंतर सणावाराला ते मानेवाड्याला जात तेव्हा खोका त्यांना दिसे. टिनाला जवळजवळ लागून, लोखंडी कपाटावर, चित्राची बाजू वर करून ठेवलेला. न उघडलेला. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी कपाटाला सहज हात लावला तर चटका बसला. आत टायर प्लास्टिकला टेकून आहेत, हे त्या घरात त्यांनाच ठाऊक होतं. 'बाबा रे, उघडून टायर तेवढे वेगळे कर,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण सांगितलं की जीव कशात अडकला आहे ते उघडं पडणार. म्हणून त्यांनी चंद्रभानला सांगितलं की टिनाखाली पोरांचे हाल होतात, आणि छपरावर टाकायला तुरीच्या काड्यांचे तट्टे बैलबंडीनं धाडून दिले. चंद्रभाननं ते टाकले आणि मोठ्या भावाच्या मायेचं चार लोकांत कौतुक केलं. महादेवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपल्या फळीवरच्या चकचकीत गाड्यांकडे मात्र ते पाहीनासे झाले. सुभद्राबाईच त्यांच्यावरची धूळ झटकत.

दुसऱ्या मे महिन्यात ऊन असं तापलं की डांबरी रस्त्यावर चपला चिकटू लागल्या. एका दुपारी महादेवराव जेवण करून आडवे झाले, कूस बदलली, पुन्हा बदलली, आणि उठून बसले. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि सायकल काढली. सुभद्राबाईंनी विचारलं, एवढ्या उन्हात कुठे? तोवर ते मानेवाड्याच्या रस्त्याला लागले होते.

चंद्रभान बनियनवर बसून पंखा हलवत होता. गोपिकानं पाणी आणून दिलं. महादेवरावांनी ते खाली ठेवलं.

"वाटे पाडताना मी लबाडी केली, चंद्रभान. थो फोर्डचा डब्बा मी भंगारात मुद्दाम दडवला होता. मले वाटलं, तू चमकणाऱ्या गाड्या नेशीन."

चंद्रभानचा पंखा थांबला नाही.

"माहीत आहे मले," तो म्हणाला. "पेरूच्या टायमापासून माहीत आहे. चांगला पेरू तू पाल्याखाली ठेवे अन् मी मोठा ढीग उचलो. माय पाहे अन् हासे."

"मंग या खेपेले थो डब्बा काहून नाही सोडला?"

"तू कधी कोनाले काही मागत नाहीस. मायले बी कधी मागलं नाही. म्हटलं, एकडाव तरी माह्या दारी मागाले येशीन. दोन उन्हाळे झाले, थो डब्बा पुसून ठेवून राहिलो. पोराईले हात लावू देला नाही." त्यानं पंखा खाली ठेवला. "आता माग."

महादेवरावांना आधी राग आला. मग लाज वाटली, आणि ती रागापेक्षा पुष्कळ मोठी होती. जन्मभर ज्याला भोळा समजलो तो जन्मभर आपल्याला पेरू देत होता. समोरचं पाणी त्यांनी बाजूला सारलं.

"मले दे," ते म्हणाले.

चंद्रभाननं खोका काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. महादेवरावांनी तिथेच कागद फाडला. चारही टायर सुटून एकाच कोपऱ्यात जमले होते, आणि एक बॉनेटवर आडवा पडला होता. त्यांनी तो नखानं उचलला तेव्हा बारीक आवाज झाला. खाली गोल चट्टा होता, खोल गेलेला.

चंद्रभाननं त्यावर अंगठा फिरवला, दोनदा फिरवला, आणि विचारलं की घासल्यानं निघेल काय. महादेवरावांनी नकारार्थी मान हलवली आणि टायरांची गोष्ट त्याला सांगितली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"एकडाव बोलला असता, दादा. मी त्याच दिवशी काढून ठेवले असते."

"तेच त जमलं नाही गा मले," महादेवराव म्हणाले.

 मग महादेवरावांनी काड्यांची चौकट उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि उजव्या बाजूचं पायदान शोधून चंद्रभानच्या हातात दिलं. मागे वळून ते म्हणाले, "गोपिका, घरात ब्लेड असंन त देजो बाई. अन् रात्री कढी असंन, त मी जेवूनच जाईन."