सासूसमोरची उत्तरं

श्रीरामपूरच्या रुमानाला पुणतांब्यातल्या सुनांचा एकटेपणा मोजायचा होता. पीएच.डी.चा विषयच तो. पण महिनाभर गावात उंबरे झिजवून हाती आलं ते सुखच सुख. एकाही सुनेला एकटं वाटत नव्हतं! मार्गदर्शक वैजनाथ सर खूश झाले. एकत्र कुटुंबात एकटेपणा नसतो, असं ते आधीपासूनच धरून चालले होते. रुमानाला मात्र ते सुख पचेना.

कारण तिच्या मते उघड होतं. घरी पाहुणी आली की सासू शेजारी ठाण मांडून बसणार, ही गावची रीत. पाहुणीजवळून उठून जाणं म्हणजे तिचा अपमान. मोनिकाच्या घरी तर प्रश्न सुनेला आणि उत्तर सासूचं, बनुबाईंचं.

"एकटं कशाचं वाटतंय? घर मानसांनी भरलंय," त्या म्हणाल्या. मोनिकानं मान डोलावली आणि रुमानानं मुकाट्यानं 'नाही' लिहून घेतलं.

ही सगळी माहिती बाद करून पुन्हा विचारते, असं तिनं सांगितल्यावर सर वैतागले. "तुला हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारतच राहणार का?" बोलणं चांगलंच झोंबलं, पण बाई हटली नाही.

या खेपेला तिनं सुनांना शेतात गाठलं. कांदा खुरपता खुरपता मोनिका मान वर न करता म्हणाली, "लई वाटतं, ताई. मनातलं बोलायला कुनीच न्हाई."

रुमानाला वाईट वाटायला हवं होतं. तिला आनंद झाला. आपलंच खरं ठरलं ना! मग त्या आनंदाची तिची तिलाच लाज वाटली.

निघताना बांधावर बनुबाई भेटल्या. सुनेसाठी भाकरी घेऊन आल्या होत्या.

"झालं का इचारून?"

"झालं, मावशी."

"मला न्हाई इचारलंस."

"तुमचं वय बसत नाही त्यात. चाळिशीपर्यंतच्याच बायका घेतल्यात."

बनुबाईंनी भाकरीचं फडकं उगाचच सोडून पुन्हा बांधलं. "मालक गेल्यापासनं माझ्याशी घरात कोन बोलतं? तू आल्तीस, तवा जरा बोलाया मिळालं. म्हनून तर उठले न्हाई तितनं."

पिशवीतले प्रश्न रुमानानं पिशवीतच राहू दिले आणि बांधावर बसकण मारली.

"बसा, मावशी," ती म्हणाली, "बोला."