तीन नंबरचा पिस्टन

तीनशे अठ्ठ्याऐंशी तास इंजिन एका सुरात चाललं होतं. तीनशे एकोणनव्वदाव्या तासाला कानसेननं मान वर केली.

कानसेन म्हणजे चाचणी विभागातला सगळ्यात जुना फिटर. खरं नाव कामगार कार्डावर असेल तेवढंच. जाड काचेपलीकडे इंजिन कानठळ्या बसवत असलं, तरी त्यातला एक सिलिंडर जरा कुरकुरला की ह्याला कळायचं.

"बंद करा, मॅडम," तो म्हणाला.

चाचणी विभागाच्या ह्या मॅडम म्हणजे धाकटी. तिनं पडद्याकडे पाहिलं. तेलाचा दाब ठीक, पाणी ठीक. टर्बो मिनिटाला पावणेदोन लाख फेरे घेत होता, तोही ठीक. "आकडे तर सगळे जागेवर आहेत."

"आकड्यांचं तुम्ही बघा. तिसरा रडतोय."

तिनं लाल बटण दाबलं. जेवणाच्या सुट्टीनंतर इंजिन उघडलं, तेव्हा तीन नंबरच्या पिस्टनवर, वरच्या दोन रिंगांच्या मधल्या कडेला, नखाएवढा टवका उडालेला निघाला. कानसेननं तो फडक्यावर ठेवून तिच्यापुढे सरकवला आणि हात पुसत बसला.

ह्या इंजिनावर कारखान्याची सगळी भिस्त होती. दोन लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, आणि टर्बोच्या जोरावर तीनशे अश्वशक्ती. माहितीपत्रकं छापूनसुद्धा झाली होती. त्यात ताकदीचा आकडा तळहाताएवढ्या अक्षरांत होता आणि खाली बारीक अक्षरांत 'दीड लाख किलोमीटर निर्धास्त'. ते बारीक अक्षरांतलं खरं करून दाखवायचं काम धाकटीचं. तीन इंजिनं, प्रत्येक पाचशे तास चालवायचं. पहिली दोन पार पडली होती, हे तिसरं.

इंजिनाची रचना करणारा मुख्य अभियंता तिचा सख्खा थोरला भाऊ. घरी दादा, कारखान्यात साहेब. तिला नोकरी त्यानं लावली, असं लोक तिच्या पाठीमागे म्हणायचे. तिच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दादानं टवका चिमटीत धरून उजेडाकडे केला. बराच वेळ पाहिला.

"पेट्रोल खराब असणार," तो म्हणाला. "ह्या टाकीचा माल वेगळा होता ना? तसं लिही."

"नमुना तपासून घेतलाय, साहेब. पेट्रोल स्वच्छ आहे. कमी फेऱ्यांवर पूर्ण जोर मागितला की आतला दाब इतका चढतो, की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. तो दणका ह्या पिस्टनला झेपत नाही."

"सहा आठवड्यांवर गाडी बाजारात यायचीय."

"मग सहा आठवड्यांत पिस्टन बदला."

त्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हट्ट सोड. मी तुझा भाऊ म्हणून सांगतोय."

"भाऊ म्हणून घरी सांग. इथे अहवालावर माझी सही लागते."

दोन दिवसांनी कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी बैठक बोलावली. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना माणसं, आणि मधोमध फडक्यावर तो पिस्टन. तो धाकटीनंच आणून ठेवला होता, कुणी मागितला नव्हता तरी.

"तीनातली दोन पास झाली," मोठे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "प्रमाण वाईट नाही."

"गिऱ्हाइकाला आपण एकेकच इंजिन देणार आहोत, सर. ज्याच्या वाट्याला तिसरं येईल त्याला प्रमाण काय सांगायचं?"

दादा समोरच्या कागदाकडे बघत राहिला. मोठ्या साहेबांनी तयार अहवाल तिच्याकडे ढकलला. त्यात 'इंधनातील दोष' असं लिहिलं होतं. तिनं तो वाचला, शेवटच्या पानापर्यंत वाचला, आणि पेनाचं टोपण न काढता परत ढकलला.

"ह्याच्यावर मी सही करणार नाही. आज नाही आणि मला काढून टाकलंत तरी नाही."

तिला काढलं नाही. जुन्या ड्रॉइंगांच्या खोलीत बसवलं. तळघरातली ती खोली, लोखंडी कपाटं, कागदांच्या गुंडाळ्या आणि एक डुगडुगती खुर्ची. काम काय, तर यादी करणं. इकडे वर अहवालावर फिटरचीही सही लागत होती, आणि कानसेनचा चष्मा रोज घरी राहत होता. चष्म्याशिवाय तो कशावर सही करायला तयार नव्हता. असे नऊ दिवस गेले.

आईचा फोन आला. "दादाशी वाकडं घेऊ नकोस गं. तो घरातला मोठा आहे."

"मोठा आहे म्हणूनच त्याच्याशी भांडतेय," धाकटी म्हणाली आणि यादीकडे वळली.

यादी तिनं मन लावून केली. फुकट बसायची तिला सवयच नव्हती. दहाव्या दिवशी ह्याच इंजिनाची पहिली ड्रॉइंगं हाती आली. पिस्टनच्या कागदावर दादाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : 'घडीवच हवा. ओतीव टिकणार नाही.' खाली त्याची सही. आठ महिन्यांनंतरच्या कागदावर तोच पिस्टन ठोकून घडवण्याऐवजी साच्यात ओतलेला, ओतीव झाला होता. कारणाच्या रकान्यात 'खर्चकपात' आणि खाली सही पुन्हा त्याचीच, पण बारीक, घाईत केलेली.

ती दोन्ही कागद घेऊन तडक त्याच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही.

"हे कुणाचं अक्षर आहे?"

दादानं पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. तिनं दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. "मी पहिल्या दिवसापासून जे म्हणतेय, ते तू दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलंस. मला तळघरात बसवू दिलंस ते तुझंच म्हणणं बोलल्याबद्दल."

"मी तेव्हा भांडलो होतो," तो हळू म्हणाला. "महिनाभर भांडलो. मग दमलो."

"मी नाही दमलेले."

तो खुर्चीतून उठला. मग त्यानं पहिला कागद उचलला, खिशाला पेन आहे का पाहिलं आणि म्हणाला, "चल."

मोठ्या साहेबांच्या खोलीत भाऊ-बहीण तास-दीड तास होते. आत काय झालं ते कुणाला शब्दशः कळलं नाही, पण दादाचा आवाज जिन्यापर्यंत येत होता, आणि तो आवाज इतकी वर्षं कारखान्यात कुणी ऐकला नव्हता. बाहेर आला तेव्हा मुख्य अभियंत्याची खुर्ची गेली होती. त्याला पुन्हा साध्या रचना विभागात पाठवलं. पण त्या खोट्या अहवालावर सही करायला आता धाकटी, कानसेन, दादा, कुणीच तयार नव्हतं, म्हणून पिस्टन घडीव झाला. गाडी पाच महिने उशिरा निघाली आणि माहितीपत्रकं रद्दीत गेली.

धाकटीला परत बोलावलं, तेव्हा 'झाल्या गैरसमजाबद्दल' दोन ओळी लिहून द्या, असं सांगण्यात आलं. तिनं एकच ओळ लिहिली : 'गैरसमज झालेला नाही.' खाली ठसठशीत सही केली, आणि कानसेन नवं इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर चढवत होता तिकडे बाह्या सरसावून गेली.