चाखून दिलेली झुकिनी

"थू! थू! आई, काय आहे हे?"

कल्पिता सिंकवर वाकून थुंकत होती. एका हातात झुकिनीची फोड, दुसऱ्या हाताने नळ पूर्ण सोडलेला. कल्पिता माझी सून. वांद्र्याला एका बेकरीत कामाला आहे. डब्याचं सॅलड चिरताना एखादी फोड तोंडात टाकायची तिला सवय.

"काय झालं गं ओरडायला?"

"कडूजहर आहे! कारलं परवडलं. तुम्ही काल चाखली नव्हती?"

"चाखली होती की," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. चाखली होतीच.

तिने चूळ भरली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. "हे बी कुठलं?"

"आपलंच. गेल्या वेळची एक वेलावर वाळू दिली, बी काढलं, राखेत घोळवून ठेवलं. माझी आई ठेवायची तसं."

"आणि तेव्हा बाजूलाच ते शोभेचे छोटे भोपळे होते ना?"

"होते. तूच आणलंस त्यांचं बी."

कल्पिताचा चेहरा पडला. "वाट लागली. आई, त्या दोघांचा संकर होतो. मग पुढच्या वेलाला असलं विषारी फळ येतं. झुकिनीचं बी घरी धरायचं नसतं, मी सांगायलाच विसरले तुम्हाला. कोणाला दिली नाहीत ना?"

घड्याळात सातला दहा कमी होते.

दिली होती. काल संध्याकाळी, पहिल्या मजल्यावरच्या जयवंतभाऊंना. चांगल्या दोन, हातभर लांब. सत्तरीचा एकटा माणूस, गोदीतून निवृत्त झालेला. मुलगी सपना कुर्ल्याला. भाऊंना साखरेचा त्रास. कोणीतरी डोक्यात भरवलं होतं की कच्च्या झुकिनीचा रस साखरेला चांगला. रोज पहाटे फिरून यायचे आणि सातच्या आत रिकाम्या पोटी ग्लासभर प्यायचे. कल्पिताने एक फोड थुंकली. भाऊ ग्लासभर पिणार होते. कडू लागलं तर आणखी आवडीने पिणार होते, कारण कडू म्हणजे औषध! कडू दुधीचा रस पिऊन माणसं गेल्याच्या बातम्या मीच त्यांना वाचून दाखवल्या होत्या, आणि त्यावर आम्ही दोघं "काय पण लोक असतात" म्हणून हसलो होतो.

"भाऊंना दिली," एवढंच म्हणून मी चप्पल न घालता निघाले. चार मजल्यांची आमची मुलुंडची बिल्डिंग, लिफ्ट तळाला अडकलेली, आणि माझे गुडघे तर काय सांगावे! कठड्याला धरून उतरत होते आणि मनात एकच, मिक्सर लावला नसू दे, आज फिरून यायला उशीर झाला असू दे.

खरं तर ही गच्चीवरची बाग म्हणजे कल्पिताचाच नाद. तिने बेकरीतून बियांच्या पुड्या आणल्या, मी तेलाचे डबे आणि रंगाच्या बादल्या जमवल्या. बेसिल, रोजमेरी, पार्सली, बॉकचॉय, हालापिन्यो. नावं घेताना जीभ वळायची नाही, पण झाडं आली झकास. जयवंतभाऊ त्यांना "पाहुणे" म्हणायचे. "जय भीम, ताई. पाहुणे कसे आहेत?" असं विचारत रोज पाचला गच्चीवर यायचे. मग मी काहीतरी तोडायचे. काकडी, झुकिनी असली की देठाकडची चकती कापून तोंडात टाकायचे, चघळायचे आणि म्हणायचे, "गोड आहे, घ्या." भाजी चाखल्याशिवाय कोणाला द्यायची नाही, हा माझा नेम. सव्वीस वर्षं मी ट्रॉम्बेच्या बाजूला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. चारशे माणसांची आमटी. मंजुळाबाईची जीभ म्हणजे तराजू, असं तिथला मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणायचा. तेवढी एकच गोष्ट माझ्यापाशी मिरवायला होती.

दार उघडंच होतं. भाऊ खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मागे ओट्यावर मिक्सरचं भांडं धुऊन उपडं घातलेलं. टापटिपीचा माणूस.

"या ताई. एवढ्या सकाळी? आणि अनवाणी?"

"भाऊ, रस?"

"झाला की पिऊन. दहा मिनिटं झाली."

मी दाराची चौकट धरली. "कडू होता?"

"चांगलाच कडू होता! नाक दाबून प्यालो. साखर आज हात जोडून उभी राहील बघा." ते हसले. एकदम धडधाकट दिसत होते. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"उठा. हॉस्पिटलात जायचंय. आत्ताच्या आत्ता."

"अहो, काय झालंय मला?"

"विषारी होती ती. कल्पिताने नुसती फोड तोंडात घातली आणि थुंकली."

"तिच्या वाटणीची कडू निघाली असेल. माझ्या तुम्ही स्वतः चाखलेल्या ना?" त्यांनी पेपरचं पान उलटलं. "तुम्ही गोड म्हणालात. मग मला कडू लागली ती माझ्या जिभेची तक्रार. म्हातारं झालं की असं होतं. बसा, चहा टाकतो."

कल्पिता एव्हाना खाली आली होती, माझी चप्पल हातात घेऊन. "काका, प्लीज, ऐका ना. रिक्षा थांबवलीय मी."

"अगं, तुझ्या सासूने चाखलेलं कधी चुकलंय का? ताई, सांगा हिला."

आता सांगायचंच होतं. जिना उतरतानाच मला कळलं होतं की सांगावं लागेल, आणि तरी शब्द तोंडातून निघत नव्हते. सुनेसमोर, ह्या माणसासमोर. पण त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता.

"भाऊ, मला चव नाही."

"म्हणजे?"

"कोरोना झाला तेव्हा गेली, ती आलीच नाही. वासही नाही. चार वर्षं झाली. मीठ मी चमच्याने मोजून घालते. गच्चीवर चाखते ते सगळं नाटक. लाकूड चघळल्यासारखं लागतं मला. काल तुमच्यासमोर चकती खाल्ली ना, मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी सवयीने गोड म्हणाले."

कल्पिता माझ्याकडे बघत राहिली. भाऊंनी पेपर घडी करून ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. उठले, चपला घातल्या.

"चला," म्हणाले.

रिक्षात पहिली उलटी झाली. दुसरी हॉस्पिटलच्या दारात, आणि तिच्यात रक्त होतं. मी पदराने त्यांचं तोंड पुसत होते. आत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय प्यायले? किती? कधी?" मी सगळं सांगितलं. कडू होतं हे कळलं नाही का, असं त्यांनी विचारल्यावर मी माझ्या जिभेचंही पुन्हा सांगितलं, सगळ्या वॉर्डासमोर. एकदा तोंड उघडल्यावर लाज कसली? ह्याच्यावर उतारा नाही, म्हणाल्या. सलाइन लावू आणि वाट बघू. रक्तदाब एवढा खाली गेला होता की सिस्टर दर थोड्या वेळाने पट्टा बांधून बघत होती, आणि दर वेळी मी तिचा चेहरा वाचायला बघत होते.

तीन दिवस. माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मला चव नाही, पण भूक तर होती, तीही गेली. सपना कुर्ल्याहून आली ती मला म्हणाली, "मावशी, तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही लोकांना खायला देत होता?" खरं होतं ते.

भाऊ वाचले. चौथ्या दिवशी पेज प्यायले. मी त्याच दिवशी गच्चीवर जाऊन झुकिनीचे वेल मुळासकट उपटले, बी ठेवलेला डबा धुऊन पालथा घातला. रोजमेरी, बेसिल तसेच राहिले. त्यांनी काय केलं होतं?

आठवड्याने सपना त्यांना कायमचं कुर्ल्याला न्यायला आली. खाली टॅक्सीत गाठोडी चढत होती. मी कोपऱ्यात उभी होते, हातात बेसिलच्या रोपाचा छोटा डबा. आणला होता, पण द्यायची हिंमत होईना.

भाऊ काठी टेकत माझ्यापाशी आले. किती वाळले होते!

"पाहुण्यांपैकी एक माझ्याबरोबर येतोय वाटतं?"

"बाबा, काही घेऊ नका त्यांच्याकडून," सपना गाडीजवळून म्हणाली.

त्यांनी काठी कोपराला अडकवली, एक पान खुडलं, बोटात चुरगळलं आणि तोंडात टाकलं. ते सावकाश चावत होते.

चार वर्षांत मी हे कोणाला विचारलं नव्हतं. "कसं लागतंय, भाऊ?"

"आधी गोड," ते म्हणाले. आणखी जरा चावलं. "मग बडीशेपेसारखं. आणि शेवटी थोडं तिखट, लवंगेसारखं."

मी मान हलवली. त्यांनी डबा माझ्या हातून घेतला आणि मांडीवर धरून टॅक्सीत बसले.