कोरा ग्रँट

महायुद्धात आम्हा इंग्रजांकडे अमेरिकेहून रणगाडे आले ते नुसता आकडा घेऊन. लहानही एम-थ्री, मोठाही एम-थ्री. असली नावं ठेवणाऱ्याला लढाईत वायरलेसवर बसवायला हवं होतं. मग आमच्या साहेबांनी अमेरिकेच्याच जुन्या सेनापतींची नावं चिकटवली. लहान तो स्टुअर्ट, मोठा तो ग्रँट. स्टुअर्ट कोणी म्हणेना. पळायला इतकी गुणी गाडी, की पोरांनी लाडाने तिला हनी केलं.

आमच्या तुकडीचा रिवाज आणखी वेगळा. प्रत्येक रणगाड्यावर घरच्या एखाद्या गावाचं नाव रंगवायचं. आमचा ग्रँट मात्र कोरा होता. सार्जंट ट्वेडलचा आधीचा रणगाडा ‘व्हिटबी’ आतल्या माणसांसकट जळाला, हा एकटा वाचला. तेव्हापासून रंगाचा ब्रश दिसला तरी तो भडकायचा.

“नावं मेलेल्या सेनापतींना शोभतात,” तो म्हणायचा. “आपल्याला फक्त खड्डा. चहा टाक, हेब्डन.”

हेब्डन म्हणजे मी. ग्रँटची मोठी तोफ माझ्याकडे होती.

मे महिन्यात, लिबियाच्या त्या भाजणाऱ्या सकाळी, टेहळणीला गेलेल्या हनी जीव मुठीत धरून परतत होत्या. एकीचा चाकांवरचा पट्टा तुटला आणि ती समोरच्या खोलगटात अडकली. तिचा ड्रायव्हर विल्फ, माझ्या बहिणीचा नवरा.

ट्वेडलने आमची गाडी टेकाडाआड थांबवली. गाडीचं डोकं तेवढं वर, बाकी अंग आडोशाला. इंग्रजी रणगाड्यांत तो हेच शिकला होता आणि तिथे ते बरोबरच होतं, कारण तोफ डोक्यातच असायची. ग्रँटची मोठी तोफ पोटात, डोक्यात नुसती छोटी. मला नळीसमोर वाळू दिसत होती, दुसरं काही नाही.

“हेब्डन, जर्मन समोर आलाय. मार.”

“काय मारू? टेकाड? तोफ खाली आहे, सार्ज. गाडी वर घ्या.”

“वरच्या छोट्या तोफेनं बघतो.”

“इतक्या लांबून तिनं त्याला खाजसुद्धा येणार नाही.”

तो कोरड्या आवाजात म्हणाला, “वर गेलो तर अख्खे उघडे पडू रे.”

त्याला व्हिटबी दिसत असणार. तरी मला त्याचा भयंकर राग आला. भीती मलाही वाटत होती.

“विल्फ बाहेर पडला का?” मी विचारलं.

“नाही. सगळे आतच आहेत. जर्मनाची तोफ त्यांच्याकडे वळतेय.”

इंजिन घुमत होतं. आमचा ड्रायव्हर मॉसप मान वळवून माझ्याकडे बघत होता.

“मॉसप,” ट्वेडल म्हणाला, “वर घे. पूर्ण वर.”

वाळू खाली सरकली आणि जर्मन रणगाडा मला दिसला. पहिला गोळा त्याच्या अलीकडेच पडला. ट्वेडल बाहेर डोकं काढून शांतपणे सांगत होता, “थोडा लांब. अजून थोडा. हां, आता मार.”

दुसरा गोळा बसला. धूर निघाला. तेवढ्यात दुसरीकडून एक गोळा आमच्या माथ्यावर आदळला, आणि ट्वेडलचा आवाज बंद झाला.

लढाई सरल्यावर विल्फ पायी चालत आला. ट्वेडलसाठी खड्डा त्यानेच खणला, कोणाला फावडं धरू दिलं नाही. मग रंग मागून आणला आणि ग्रँटच्या अंगावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: ट्वेडल.

दुसऱ्या दिवशी नवा लेफ्टनंट आला. नव्या गणवेशातलं कोवळं पोरगं. त्याने नाव वाचून कपाळाला आठ्या घातल्या.

“या तुकडीत गावांचीच नावं देतात ना? हे ट्वेडल कुठे आलं?”

मी विल्फकडे पाहिलं.

“उत्तरेला, सर,” विल्फ म्हणाला. “लहानसं आहे.”

लेफ्टनंटने रणगाड्याचा फुटलेला माथा पाहिला, मग पलीकडचा ताजा मातीचा ढीग पाहिला.

“असू दे,” तो म्हणाला. “अक्षर तेवढं नीट काढा.”